पहिला डबा: ताकदवान स्प्रिंग रायफलचे पहिले ५०० छर्रे

जत्रेतली फुगे फोडायची छऱ्याची बंदूक आणि २० जूलच्या जवळ जाणारी स्प्रिंग रायफल या लांबून सख्ख्या बहिणी वाटतात. दोघींची नळी बिजागरीवर खाली वाकवून (‘मोडून’) आतली स्प्रिंग दाबायची, म्हणजे कॉक करायची; दोघींत छर्रा ४.५ मिमीचाच. साम्य तिथेच संपतं. ही २० जूलवाली साडेतीन-चार किलोची. कॉक करायला पंधरा ते वीस किलोचा जोर मागते, म्हणजे पाण्याची वीस लिटरची बाटली उचलायला लागतो तेवढा. आणि चाप ओढला की ढुशी देते, तीही एकदा मागे आणि लगेच पुढे.

नव्या मालकाचा पहिला आठवडा बहुधा एकाच तक्रारीत जातो: एवढे पैसे घातले, आणि दहा मीटरवर दोन छर्रे एका जागी पडत नाहीत. रायफल बहुतेक वेळा ठणठणीत असते. ती धरायला शिकण्यातच एक डबा संपतो, हे विकणारा सांगत नाही. म्हणून इथे हिशेब डब्याचा: ५०० छर्रे, कुठे आणि कशावर खर्च करायचे.

डबा उघडण्याआधी

कायदा आधी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीचा व्यास ४.५ मिमीपर्यंत आणि छऱ्याची ऊर्जा २० जूलपर्यंत असेल तर एअर रायफल बाळगायला परवाना लागत नाही. दोन्हींपैकी एकही मर्यादा ओलांडली की लागतो. म्हणून ‘५.५ मिमीची घ्या, जोर जास्त’ असं कोणी सुचवलं तर परवाना आहे का, हे आधी स्वतःला विचारा. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेईल. बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या. बिलाची एक प्रत रायफलच्या बॅगेत कायमची राहू द्या.

पक्षी-प्राण्यांवर नेम धरण्याचा विचारही नको. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, दोन्ही आड येतात. गच्चीवरची कबुतरं कितीही त्रास देवोत, त्यांना जाळी हाच इलाज.

आता जागा, आणि मुंबईत खरी अडचण हीच आहे. असा छर्रा कोनातून सुटला तर तीन-चारशे मीटर जाऊ शकतो, आणि एवढ्या अंतरात मुंबईत किती खिडक्या येतात ते मोजायला नको. बाल्कनी, गच्ची, सोसायटीचं आवार, बिल्डिंगमागची मोकळी जागा, सगळं बाद. घरात, दार आतून बंद करून, भक्कम छर्रापेटीवर (छर्रा अडवणारी पेटी, कृती खाली) पाच-सहा मीटरवरून वेग मोजणं किंवा चाप तपासणं जमतं, पण त्यापुढे नाही. पिस्टनचा, म्हणजे स्प्रिंगने पुढे झेपावून हवा दाबणाऱ्या दट्ट्याचा, धक्का जमिनीतून खालच्या मजल्यावर पोचतो आणि रविवारी दुपारी बेल वाजते.

वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, दादरला सावरकर स्मारकात रायफल क्लब आहे. तिथे शिकायला जरूर जा, पण ही रायफल नेण्याआधी विचारा. १० मीटरच्या रेंजवरचा सगळा सरंजाम मॅच (स्पर्धेच्या) रायफलींसाठी असतो. त्यांचा छर्रा सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास जातो, ऊर्जा आठेक जूल. तुमची त्याच्या दुपटीहून जास्त, आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर तिचा एक छर्रा महागात पडतो. बऱ्याच जणांसाठी शेवटी कर्जत, मुरबाड, शहापूर किंवा पालघरकडची कोणाची तरी खासगी जमीन उरते. तिथे जमीनमालकाची परवानगी घ्या, पोलीस पाटलाच्या कानावर घाला, आणि लक्ष्यामागे निदान दोन मीटर उंच मातीचा बांध असल्याशिवाय छर्रा भरू नका. दगडी गडगा चालत नाही, त्यावरून छर्रा उलटा येतो.

नेताना रायफल बंद बॅगेत, कॉक न केलेली, छर्रे वेगळ्या खिशात. मेट्रोच्या तपासणीत ती अडणारच, आणि गर्दीच्या लोकलमध्ये सव्वा मीटरची लांबट बॅग घेऊन चढणं शहाणपणाचं नाही. गाडी असलेला मित्र शोधा. मुंबईत पोलीस अधूनमधून शस्त्र बाळगण्याविरुद्ध मनाई आदेश काढतात, तेव्हा निघण्याआधी चालू आदेश पाहून घ्या.

पेटी

छर्रापेटी घरीच बनते. १८ मिमी प्लायवूडचा ४० सेंमी बाय ४० सेंमी खोका घ्या. मागच्या बाजूला ५ मिमी जाडीची लोखंडी पट्टी ४५ अंशांत तिरकी बसवा, म्हणजे छर्रा खाली वळतो. पट्टीपुढे जुन्या साड्या, चादरी यांची गच्च घडी किमान १५ सेंमी. पुढे पुठ्ठा, त्यावर कागदी लक्ष्य. कापडाचा थर दर शंभर छऱ्यांनी हलवून पाहा, एकाच जागी मारा होऊन बोगदा पडतो आणि मग छर्रा सरळ पट्टीवर आपटतो. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवा. वडापाव त्यानंतर.

आधी नळी, मग छर्रे

नवी रायफल आतून तेलकट असते. कारखान्यात गंज चढू नये म्हणून भरलेलं ते तेल. ते तसंच ठेवलं तर पहिले छर्रे निरुपयोगी. मासेमारीच्या दुकानातून जाडसर तंगूस आणा, सुमारे दोन मीटर, आणि दुहेरी करा. नळी मोडून उघडी धरा, तंगुसाची घडी पुढून घालून ब्रीचकडून (नळीच्या मागच्या तोंडाकडून) बाहेर काढा, त्यात जुन्या सुती धोतराचा दोन बोटं रुंद तुकडा अडकवा आणि पुढे ओढून घ्या. पहिला तुकडा काळा येईल, तिसरा-चौथा करडा, सातवा-आठवा जवळजवळ स्वच्छ. तिथे थांबा. पितळी ब्रश नको, सॉल्व्हंट नको. नळीच्या मागच्या तोंडाशी सील असतं, त्याला द्रावण लागलं तर ते फुगतं.

सगळे बाहेरचे स्क्रू तपासा: दस्त्याच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक, चापाच्या कडीला एक-दोन. हाताने पुरते आवळा, जीव काढून नव्हे. याच वेळी निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) एक थेंब प्रत्येक स्क्रूला द्या. लाल घेऊ नका, मग उघडायला तापवावं लागतं.

१ ते ५०: धूर निघणार

कॉक करण्याची पद्धत अशी. दस्त्याचं टोक मांडीच्या वरच्या घडीवर टेकवा. तळहाताने नळीच्या टोकाशी हलकी थाप मारली की जोड सुटतो. मग टोकाजवळ धरून एकाच संथ ओढीत खाली आणा. ‘टक्’ आवाज आला की थांबा, त्यापुढे ओढायचं नाही. आता सर्वांत महत्त्वाचं: छर्रा भरेपर्यंत एक हात नळीवरून सुटता कामा नये. उघड्या नळीत चाप ओढला गेला तर नळी जोरात वर येते, बोटं मोडतात, दस्ता चिरतो आणि नळी वाकते. बहुतेक रायफलींत असं होऊ नये म्हणून आतून अडसर असतो. त्याच्या भरवशावर बोट ठेवू नका.

छर्रा अंगठ्याने तोंडाशी सपाट बसवा, खोल ढकलू नका. त्याच्या मागच्या घेराला ‘स्कर्ट’ म्हणतात. तो चेपलेला असेल तर छर्रा बाजूला ठेवा, नाहीतर हवा निसटते आणि तो भलतीकडे जातो. नळी बंद करताना घट्ट मिटवा, आपटू नका.

पहिल्या काही छऱ्यांना टोकातून निळसर धूर येईल, जळक्या तेलाचा वास येईल, क्वचित बारीक फटाका फुटल्यासारखा आवाज. हवा दाबली की तापते आणि सिलिंडरमध्ये राहिलेलं तेल पेटतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, तेच तत्त्व. त्यालाच डिझेलिंग म्हणतात. ते पन्नासेक छऱ्यांत मंदावतं, काही रायफलींत दोनशेपर्यंतही चालतं. या काळातला वेग खोटा, ग्रूपही (कागदावर छर्रे किती जवळ पडतात ते) खोटा. मोजमाप करू नका. धूर येतोय म्हणून आत तेल सोडलं तर मात्र अनर्थ होतो: प्रत्येक बार स्फोटासारखा, सील फाटतं, स्प्रिंग तुटते. गंज काढायचा स्प्रे हवेच्या छिद्रात मारणं ही तीच चूक.

आणि एकदाही कोरा बार नको, गंमत म्हणूनही. छर्रा नसला की पिस्टनसमोर हवेची उशी राहत नाही, तो थेट पुढच्या भिंतीवर आदळतो. मित्राला दाखवायची असेल तर छर्रा भरून, पेटीवर.

या पन्नासात स्कोप (नेमाची दुर्बीण) लावू नका. नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच यांवर नेम धरून, दहा मीटरवर, बैठक शिकायची.

५१ ते २००: धरायची कशी

इथेच सगळी गोम आहे, म्हणून इथे घाई नको.

चाप सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत साधारण सेकंदाचा शंभरावा भाग जातो. त्यात पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते. मग पिस्टन दाबलेल्या हवेवर अडतो आणि रायफल पुढे ढकलली जाते. हे सगळं होताना छर्रा अजून नळीतच असतो. तुम्ही जेवढं घट्ट धराल तेवढी रायफलची हालचाल तुमच्या हातावर, मनःस्थितीवर आणि थकव्यावर अवलंबून राहते. सैल सोडली तर ती दर वेळी सारखीच हलते आणि छर्रा सारखाच जातो. पिस्टल किंवा फायरआर्म चालवलेल्यांना हे उलटं वाटतं आणि सवय मोडायला त्यांनाच जास्त छर्रे लागतात.

करायचं असं. डावा तळहात उघडा, बोटं सरळ, रायफल त्यावर नुसती ठेवायची, मुठीत पकडायची नाही. पोळपाटावर ठेवलेल्या पोळीसारखी. हाताखाली तांदळाची दोन किलोची पिशवी असू द्या. टेबलाच्या कडेवर रायफल कधीही टेकवू नका, कठीण पृष्ठभागावरून ती उसळते. दस्ता खांद्याला फक्त स्पर्श करेल इतकाच. उजवा अंगठा दस्त्यावरून पलीकडे न नेता बाजूला सरळ ठेवा. गाल हलका. चापावर बोटाच्या टोकाची गादी, सांध्याची घडी नव्हे. चापाला दोन टप्पे असतात. पहिला मऊ, मग अडखळ. अडखळीवर थांबा, नेम पुन्हा पाहा, श्वास अर्धा सोडा आणि उरलेला दाब सावकाश द्या. बार झाला तरी एक सेकंद डोळा तसाच ठेवा. माशी लक्ष्याच्या आसपासच परत आली, तर धरणं बरोबर. दर वेळी डावीकडे जात असेल, तर उजव्या हाताचा कुठेतरी ताण आहे.

मग हाताची जागा शोधा. पहिले पाच छर्रे तळहात चापाच्या कडीला लागून. पुढचे पाच दोन-तीन सेंमी पुढे. असं दस्त्याच्या पुढच्या टोकापर्यंत जा, प्रत्येक जागेवर पाच, आणि त्या त्या कागदावर जागा लिहा. सगळं दोनदा करा, कारण एका पाचाच्या ग्रूपने नशीब कळतं, रायफल कळत नाही. बहुतेक रायफलींत एखाद्या जागी छर्रे अचानक एकत्र येतात. दहा मीटरवर पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली मावले, की तिथे दस्त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण करा. पुढचे सगळे छर्रे त्याच खुणेवरून.

चाळीस-पन्नास छऱ्यांनंतर खांदा आणि दंड दमतात, कॉक करूनच. त्या दिवशी पुढचं चांगलं होणार नाही. आवरा.

२०१ ते २५०: स्कोप

दुकानात सर्वांत स्वस्त स्कोप पुढे केला जातो. मागे आणि पुढे दोन्हीकडून येणारा धक्का साध्या रायफल स्कोपच्या आतलं भिंग सैल करतो. स्प्रिंग एअर रायफलसाठी, असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या, दहा मीटरपर्यंत फोकस होणारा. माउंट, म्हणजे स्कोप रायफलवर धरणारी पकड, एकाच तुकड्याचा, खाली बारीक खिळा असलेला. तो खिळा रायफलवरच्या छिद्रात बसला पाहिजे. तो नसेल तर स्कोप प्रत्येक छऱ्यागणिक थोडा मागे सरकतो, आणि तुम्ही उगाच टरेट (नेम सरकवायची चकती) फिरवत बसता.

दहा मीटरवर सुरुवात करा. टरेटच्या एका क्लिकला नेम पाव एमओए (कोनाचं माप) सरकवणारा स्कोप असेल तर दहा मीटरवर एक क्लिक म्हणजे पाऊण मिमीहून किंचित कमी. छर्रे ३ सेंमी खाली पडत असतील तर वर जवळजवळ ४० क्लिक. पंचवीस मीटरवर तीच क्लिक १.८ मिमी. झिरो, म्हणजे नेम आणि छर्रा एकाच जागी जुळवणं, पंचवीसला करा. ८ ग्रेनच्या (सुमारे ०.५२ ग्रॅम) वरचा छर्रा आणि नळीच्या ४ सेंमी वर स्कोप असेल, तर मग दहा मीटरवर छर्रा सुमारे १ सेंमी खाली, वीसला जवळजवळ मध्यावर आणि तीसला पाऊण सेंमी खाली लागतो.

वरचे क्लिक संपले तरी छर्रे खालीच? नळी मोडणाऱ्या रायफलींत नळी किंचित खाली झुकलेली असणं सर्रास आहे. क्लिक टोकाला नेऊ नका, तिथे स्कोपच्या आतली स्प्रिंग सैल पडते आणि झिरो भटकतो. क्लिक मधोमध आणा आणि मागच्या रिंगेत नळकांड्याखाली शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याची एक पट्टी घाला. पुरली नाही तर दुसरी. तिसरी लागत असेल तर झुकाव भरून काढणारा माउंट विकत घ्या.

छऱ्याचं वजन आणि खोक्यावरचा आकडा

खोक्यावर ‘१००० एफपीएस’ ठळक छापलेलं असतं. सेकंदाला १००० फूट, म्हणजे ३०५ मीटर प्रति सेकंद झालं. २० जूलच्या आत राहून एवढा वेग मिळायचा तर छर्रा ०.४३ ग्रॅमहून हलका हवा. तसे हलके छर्रे मिळतात, पण ध्वनीच्या वेगाजवळ गेले की डगमगतात आणि कागदावर विखुरतात. ८.४४ ग्रेन, म्हणजे ०.५४७ ग्रॅमचा गोल टोकाचा छर्रा सेकंदाला २७० मीटरने गेला की बरोबर २० जूल होतात. तुम्हाला २४० ते २६० मिळाले तर उत्तम. गोल टोकाचे ८ ते १० ग्रेनचे दोन-तीन प्रकार घ्या, प्रत्येकाचे पाचाचे तीन ग्रूप, आणि जो जमेल त्याचेच पुढे चार डबे, जमलं तर एकाच लॉटचे. टोकदार छर्रे दिसायला भारी, अचूकतेत मागे.

क्रोनोग्राफ (छऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) कोणाकडून तरी मागून आणा. दहा छऱ्यांत सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद यांत सेकंदाला ५ मीटरच्या आत फरक असेल तर रायफल बसली. १० च्या वर असेल तर अजून तेल जळतंय किंवा सील गळतंय. गळती पाहायला नळी मिटल्यावर जोडावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून छर्रा मारा. पट्टी उडाली तर ब्रीचचं सील उठवायला हवं, त्याखाली कागदी वॉशर पुरतो.

२५१ ते ४८०: सराव, आणि काय बिघडतं

आता फक्त सराव. रोज तीस छर्रे पुरे. मधेच ग्रूप फुटला तर हाच क्रम: दस्त्याचे स्क्रू, मग स्कोपचे, मग छऱ्याचा लॉट, मग तुमचं धरणं, आणि सर्वांत शेवटी रायफल. बरेच दोष पहिल्या दोन पायऱ्यांवर निघतात. बार झाल्यावर आत झणझण ऐकू येत असेल तर ती स्प्रिंगची थरथर. त्रासदायक आहे, बिघाड नाही. वेग एकदम पंधरा-वीस मीटरने पडला आणि कॉक करताना घरघर जाणवली, तर स्प्रिंग तुटलेली असू शकते. स्प्रिंग तुटली तरी रायफल चालते, म्हणून कळत नाही.

रायफल स्वतः उघडू नका. स्प्रिंग आत दाबून बसवलेली असते, शेवटची पिन निघाली की झाकण छातीवर येतं. त्यासाठी स्प्रिंग कंप्रेसर लागतो. आणि जास्त जोराची स्प्रिंग घालण्याचा मोह झाला तर २० जूलचा आकडा आठवा.

कॉक करून ठेवू नका. रात्रभर दाबलेली स्प्रिंग आखडते आणि वेग जातो. गॅस पिस्टनच्या (स्प्रिंगऐवजी दाबलेला वायू असलेल्या) रायफलींना हे पथ्य नाही, पण भरलेली रायफल कपाटात ठेवायची नाही, हे पथ्य सगळ्याच रायफलींना आहे.

मुंबईची हवा

जून ते सप्टेंबर हा इथे वेगळा ऋतू. खारी दमट हवा आणि घामाचे हात मिळून पॉलिश केलेल्या नळीवर दोन दिवसांत तांबूस ठिपके उमटवतात, आणि ते बरोबर बोटांच्या आकाराचे असतात. प्रत्येक वापरानंतर लोखंडाचा बाहेरचा भाग सिलिकॉन तेलाच्या किंचित ओल्या फडक्याने पुसा. तेल फडक्यावर घ्या, रायफलीवर नव्हे. रायफल फोमच्या बॅगेत पावसाळाभर ठेवणं ही सर्वांत मोठी चूक: फोम ओल धरून ठेवतो. बॅग प्रवासापुरती. घरी कुलपाच्या कपाटात, भिंतीला न टेकवता उभी, खाली पाव किलो सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या. दर रविवारी एकदा काढून पाहा. लाकडी दस्ता असेल तर तो ओल पिऊन फुगतो, बुरशीही धरतो, स्क्रूंची पकड बदलते, आणि तुम्ही मे महिन्यात केलेला झिरो ऑगस्टमध्ये तुमचा राहत नाही.

शेवटचे २०

डब्यातले शेवटचे २० छर्रे सरावात वापरू नका, राखून ठेवा. मे अखेर, पावसाच्या आधी, त्यातल्या दहांनी पंचवीस मीटरवर एक ग्रूप काढा. तो कागद तारखेसह प्लास्टिकच्या पिशवीत घाला, उरलेले दहा छर्रे त्याच पिशवीत. ऑक्टोबरात कपाटातून रायफल काढलीत की स्क्रू आवळायच्या आधी तेच दहा छर्रे मारा आणि दोन कागद एकमेकांवर धरून खिडकीच्या उजेडात बघा. ग्रूप तेवढाच आहे पण सरकलाय, तर दस्ता फुगला होता, स्क्रू आवळा आणि झिरो पुन्हा करा. ग्रूपच मोठा झालाय, तर जोडावर टिश्यू पेपर ठेवा.